हलकं तेच भारी?

मराठीत 'भारी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वजनाचा, आणि दुसरा आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो. "पिक्चर कसा होता?" "भारी!" साडी भारीतली असते, चप्पल हलक्यातली असते. माणूस हलक्या कानाचा असला तर वाईट आणि दुकानदाराने हलका माल दिला तर भांडण. म्हणजे आपल्या भाषेने आधीच जडपणाच्या बाजूने मत देऊन टाकलं आहे! मी पडले कॉन्व्हेंटची. 'भारी' हा शब्द मी खऱ्या अर्थाने शिकले तो हॉस्टेलला आल्यावर, रूममेट्सकडून. पण सेकंड इयरला मटेरियल्सचा सब्जेक्ट सुरू झाला आणि लक्षात आलं की इंजिनिअरिंगचा हिशोब नेमका उलटा आहे. विमान घ्या, गाडी घ्या, बूट घ्या, फ्रीजचं दार घ्या. तिकडे जे हलकं, ते भारी.

पण हे तरी नेहमी खरं असतं का? या लेखात मला त्याबद्दल थोडं बोलायचं आहे आणि शेवटी आपल्या डिपार्टमेंटकडे एक मागणी करायची आहे. मागणी फक्त दोन ओळींची आहे, तेव्हा तिथपर्यंत वाचा ही विनंती. (शुद्धलेखन संपादक मंडळाने तपासलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दलच्या तक्रारी त्यांच्याकडे!)

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. गॅदरिंगच्या टी-शर्टवर कधीकधी फुगीर अक्षरं असतात बघा, बोटाने दाबली की मऊ लागतात. त्याला पफ प्रिंट म्हणतात. छापताना ती शाई अगदी सपाट असते. मग कापड गरम केलं की ती जागच्या जागी फुगून वर येते. अशा शाईत बऱ्याचदा एक पांढरी, पिठासारखी पावडर मिसळलेली असते. आजच्या लेखाची हिरॉईन तीच. तिचा एकेक कण म्हणजे एक कॅप्सूल आहे. बाहेर प्लॅस्टिकचं पातळ कवच आणि आत आयसोब्युटेन किंवा आयसोपेंटेनसारखा हायड्रोकार्बन, म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरमधल्या गॅसच्याच घराण्यातला. कण इतका लहान की आपल्या केसाच्या जाडीत असे चार-पाच कण ओळीने बसतील.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीला याचं पेटंट मिळालं. पुढे स्वीडनमधल्या सुंडस्वाल इथे 'एक्स्पान्सेल' या नावाने ती बनू लागली, जपानमधल्या कंपन्याही बनवतात. बनवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. ॲक्रिलोनायट्राइलसारखे मोनोमर आणि तो हायड्रोकार्बन एकत्र करायचे, पाण्यात घुसळून त्याचे बारीक थेंब करायचे, ते थेंब परत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पाण्यात सिलिकासारखे सूक्ष्म कण ठेवायचे आणि बंद रिॲक्टरमध्ये गरम करायचं. थेंबाच्या आत पॉलिमर तयार होऊ लागतो. तो हायड्रोकार्बनमध्ये विरघळत नाही, म्हणून कडेला सरकतो आणि तिथेच कवच बनतं. कुणी बाहेरून कवच चढवत नाही, थेंब आपलं घर आपणच बांधतो!

आता हे फुगतं कसं? ठरावीक तापमानाला, प्रकारानुसार ८० अंशांपासून ते २०० अंशांच्या आसपास, दोन गोष्टी एकदम घडतात. कवच मऊ पडतं आणि आतल्या द्रवाचा वायू होऊन तो बाहेर ढकलू लागतो. एक नेहमीचं उदाहरण घेऊ आणि हिशोब करू. समजा १२ मायक्रॉन व्यासाचा कण फुगून ४० मायक्रॉनचा झाला. व्यास साधारण ३.३ पट वाढला. त्याचा घन केला की आकारमान ३७ पट. वजन तेवढंच राहिलं, म्हणून सुरुवातीची घनता घनमीटरला ११०० किलो असेल तर ती ३० किलोवर येते. कवचाची जाडी आधी २ मायक्रॉन होती, ती ताणून मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास उरते. एवढ्याशा भिंतीत तो वायू कोंडलेला राहतो.

यातली खरी गंमत कळायला स्वयंपाकघरात जावं लागेल. प्लॅस्टिक फुगवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, ती ढोकळ्याची. पिठात सोडा घातला, गरम केलं, वायू सुटला, जाळी पडली. पण ढोकळ्यातल्या जाळीवर आपला ताबा नसतो. लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो, त्यामुळे त्यातला वायू शेजारच्या मोठ्या बुडबुड्याकडे पळतो. मोठा आणखी मोठा होतो आणि लहान नाहीसा होतो. (समाजाबद्दल मी काही बोलत नाहीये, हे फिजिक्स आहे.) कॅप्सूलची पद्धत आहे पुरीची. वायू जिथे निर्माण झाला तिथेच बंद, प्रत्येकाचं वेगळं घर. फरक एवढाच की पुरी ताटात येईपर्यंत बसते. कॅप्सूल बसत नाही, कारण थंड होताना तिचं कवच आधी कडक होतं. मात्र जास्त वेळ गरम ठेवलं तर वायू कवचातून झिरपतो आणि तिचाही फुगा उतरतो. म्हणजे फुगवणं सोपं आहे, वेळेवर थांबणं अवघड आहे.

आणि हे हलकेपण किती स्वस्तात मिळतं बघा, म्हणजे वजनाच्या हिशोबात. घनमीटरला १००० किलोचं एखादं प्लॅस्टिक ९७ ग्रॅम घ्या आणि त्यात ३ ग्रॅम कॅप्सूल टाका. प्लॅस्टिकचं आकारमान ९७ घनसेंटिमीटर. कॅप्सूल पूर्ण फुगल्या तर त्या एकट्याच १०० घनसेंटिमीटर. म्हणजे कागदावर घनता सरळ निम्मी! प्रत्यक्षात साच्यातला दाब त्यांना इतकं फुगू देत नाही, पण तरी फरक मोठा पडतो. म्हणूनच गाडीच्या खालच्या बाजूला दगड आणि गंज लागू नये म्हणून पीव्हीसीचा जो थर देतात त्यात, वॉलपेपरमध्ये, बुटांच्या सोलमध्ये, कृत्रिम चामड्यात या कॅप्सूल वापरल्या जातात.

इथपर्यंत लेख संपला असता तर तो इंग्लिश सेक्शनमध्ये शोभला असता. मी तो मराठीत लिहिला, त्याचं कारण माझा मामा.

मामा एका छोट्या युनिटमध्ये काम करतो. चपलांचे ईव्हीएचे सोल बनतात तिथे. मागच्या दिवाळीत मी त्याला मोठ्या उत्साहाने फोमबद्दल विचारायला लागले, तर तो म्हणाला, "अगं, ते फोम-बिम मला नाही माहीत. आम्ही पिवळी पावडर टाकतो, मग ते फुगतं." ती पिवळी पावडर म्हणजे ॲझोडायकार्बनामाइड. प्लॅस्टिकच्या धंद्यातला हा सोडा. साधारण २०० अंशांना तिचं विघटन होतं, झिंक ऑक्साइड घातलं तर त्याच्याही खाली. एका ग्रॅममधून २२० मिलीलिटरच्या आसपास वायू सुटतो, त्यात मुख्य नायट्रोजन. स्वस्त, वापरायला सोपी, भरपूर वायू देणारी. आमच्या जर्नलमधल्या तक्त्यात घनता, टेन्साइल स्ट्रेंग्थ आणि किंमत असे तीन कॉलम असतात, त्या तिन्हीत ती पहिल्या नंबरने पास होते.

मामा ती पावडर पोत्यातून काढतो, तराजूवर तोलतो आणि मिक्सरमध्ये ओततो. तोंडाला रुमाल. मामी म्हणते, "गावी चार दिवस आला की खोकला जातो, कामावर गेला की दोन दिवसांत परत." हे ऐकून मी नेटवर आणि लायब्ररीत शोधलं. ॲझोडायकार्बनामाइडची धूळ श्वासातून गेली की काही कामगारांना दमा होतो, हे जगात बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. युरोपियन युनियनने २०१२ साली तिला 'अतिशय चिंताजनक' रसायनांच्या यादीत टाकलं, तेही नेमकं याच कारणासाठी. आणि सुट्टीत बरं वाटणं, कामावर परत त्रास होणं, ही कामामुळे होणाऱ्या दम्याची ओळखीची खूण आहे. मी मामाला म्हटलं, "मामा, तू छातीच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना तू काय तोलतोस ते नाव सांग." नाव मी त्याला कागदावर मराठीत लिहून दिलं. पोत्यावर ते इंग्रजीत लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. आमच्या तक्त्यात दोन कॉलम कमी आहेत. पहिला: हे बनवताना कुणाच्या नाकात जाणार? दुसरा: हे फेकल्यावर कुठे जाणार? माझं म्हणणं असं की हे दोन कॉलम भरल्याशिवाय कुठल्याही मटेरियलला 'भारी' म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

हे कॉलम सोपे आहेत, असं समजू नका. कॅप्सूलचीच परीक्षा घेऊ.

पहिला कॉलम. मामाच्या मिक्सरमध्ये पिवळ्या पावडरऐवजी कॅप्सूल टाकल्या तर ती धूळ गेली. छान. पण कॅप्सूलचं कवच ज्यापासून बनतं ते ॲक्रिलोनायट्राइल विषारी आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०२४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे धोका संपला नाही, तो मामाच्या तराजूवरून दूरच्या एका कारखान्यातल्या बंद रिॲक्टरमध्ये गेला. शिवाय आत ज्वालाग्राही वायू आहे, म्हणून साठवताना आणि गरम करताना ठिणगीची काळजी आलीच. माझ्या मते तरी ही सुधारणा आहे, कारण बंद रिॲक्टरवर लक्ष ठेवता येतं आणि उघड्या पोत्यावर कुणी ठेवत नाही. पण 'सुरक्षित' असा शिक्का मारून मोकळं होता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर मामाच्या कामाला कॅप्सूल हे उत्तरच नाही. चपलेचा सोल जेव्हा अनेक पटींनी फुगवायचा असतो, तेव्हा तिथे कॅप्सूल परवडत नाही. मग कॉलम भरून उपयोग काय? उपयोग हा की प्रश्न विचारल्यावर दुसरं उत्तर सापडलं. हीच पिवळी पावडर आधीच ईव्हीएमध्ये मळून दाण्यांच्या रूपात मिळते, त्याला मास्टरबॅच म्हणतात. दाणे तोलले की धूळ उडत नाही. तराजूच्या वर धूळ ओढून घेणारा एक पंखा लावला आणि रुमालाऐवजी बरा मास्क दिला की आणखी फरक. यात पीएचडी करण्यासारखं काहीच नाही! पण तक्त्यात कॉलमच नसेल तर हे उत्तर शोधायला कुणी जाणारच नाही. कारण घनता, स्ट्रेंग्थ आणि किंमत या तीन कॉलमांत पावडर पासच आहे, आणि दाण्यांचा नंबर तिच्यामागे लागतो.

आता दुसरा कॉलम, फेकल्यावर कुठे जाणार. इथे आपल्या सगळ्यांचा जुना मित्र थर्माकोल. त्याचेही दाणे पेंटेनने फुगवलेलेच असतात, आणि तयार मालात बहुतेक जागा हवेची असते. आमच्या आधीच्या बॅचेसनी त्याचे किल्ले, पूल, धरणं बनवली. गणपतीची मखरं बनली. मग २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. का आली ही वेळ? पॉलिस्टायरीन वितळवून परत वापरता येतं, ते काही अस्पृश्य नाही. पण भंगारवाला पैसे देतो किलोवर. पोतं भरून थर्माकोल नेला तरी तो जेमतेम किलोभर भरतो. मग कोण वेचणार? बाटली वेचली जाते, पत्रा वेचला जातो, थर्माकोल गटारात जातो. म्हणजे ज्या हलकेपणाचं आपण कौतुक केलं, त्याच हलकेपणाने त्याला कचऱ्यात ढकललं. भंगाराच्या तराजूवर 'हलका माल' हा शब्द अगदी बरोबर आहे.

कॅप्सूल या कॉलममध्ये कशी आहे? फार बरी नाही. पीव्हीसीत किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये त्या मिसळल्या की एका प्लॅस्टिकमध्ये दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक कायमचं अडकलं, त्यामुळे रिसायकलिंगवाला नाक मुरडतो. परत वितळवताना त्या नव्यासारख्या फुगत नाहीत. आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणाला आता मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. कॅप्सूल फुगल्यावरसुद्धा त्याच्या कितीतरी खाली! युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लॅस्टिकवर निर्बंध आणले. त्यात वस्तूच्या आत कायमच्या बांधल्या गेलेल्या कणांना सूट आहे. सूट कायद्याने दिली हे ठीक, पण रस्त्यावर झिजणाऱ्या सोलने तो कायदा वाचला पाहिजे ना!

मग कॅप्सूल वापरायच्याच नाहीत का? तसंही मी म्हणत नाही. दोन्ही कॉलम भरल्यावर मला एक साधा नियम दिसतो. जी वस्तू रोज हलते आणि वर्षानुवर्षं टिकते, तिथे हलकेपणा दर दिवशी काही ना काही कमावतो. गाडीच्या तळाचा थर घ्या. प्रत्येक किलोमीटरला तेवढं वजन कमी ओढायचं. जी वस्तू एकदा वापरून फेकायची, तिथे हलकेपणा काही कमावत नाही, नुसता कचऱ्याचा ढीग मोठा करतो. पहिल्या जागी कॅप्सूल जरूर वापरा, दुसऱ्या जागी नको.

आणि एक तिसरी जागा आहे, जी मला सगळ्यात जास्त आवडली. अंध विद्यार्थ्यांसाठी एक खास कागद मिळतो, त्यावर याच जातीच्या कॅप्सूलचा थर असतो. त्यावर काळ्या शाईत आकृती छापायची आणि एका हीटरखालून कागद सरकवायचा. काळ्या रेषा उष्णता जास्त शोषतात, त्यांच्याखालच्या कॅप्सूल फुगतात, आणि आकृती बोटांना लागेल अशी वर येते. पांढरा भाग सपाटच राहतो. आपला स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह, ज्याच्याकडे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री कंटाळून बघतो, तो कुणीतरी बोटाने वाचू शकतं. कुठे वाकला, कुठे तुटला, सगळं. इथे कॅप्सूलने एका ग्रॅमचंही वजन वाचवलेलं नाही. तरी माझ्या मते तिचा सगळ्यात भारी उपयोग हाच.

आता मला जी उत्तरं मिळाली ती सांगते. एका सिनियरचं म्हणणं, "इंजिनिअरने परफॉर्मन्स आणि कॉस्ट बघायची. बाकीचं बघायला सरकार आहे, पोल्युशन बोर्ड आहे." हॉस्टेलच्या मेसमध्ये यावर आमचा अर्धा तास वाद झाला. भाजी थंड झाली. त्याला मी जी गोष्ट सांगितली ती इथेही सांगते.

१९३० मध्ये थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन संशोधकाने केमिस्ट लोकांच्या सभेत एक प्रयोग करून दाखवला. त्याने बनवलेला नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. म्हणजे वायू विषारीही नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! तो वायू सीएफसी कुळातला होता. त्याच कुळातला सीएफसी-११ पुढे जगभर फोम फुगवायला वापरला गेला. बघा, पहिला कॉलम मिजलीने स्वतःच्या नाकाने भरला होता, तो काही बेफिकीर माणूस नव्हता. पण दुसरा कॉलम, सुटलेला वायू शेवटी कुठे जातो, तो रिकामा राहिला. तो भरला मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये. वायू वर जातो आणि ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, २०१० पर्यंत सीएफसीचं उत्पादन जगभर थांबवायचं ठरलं. तरी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हवेतला सीएफसी-११ अपेक्षेइतका झपाट्याने कमी होत नाहीये, आणि २०१९ मध्ये त्याचा मोठा माग पूर्व चीनपर्यंत लागला. कुणीतरी फोम बनवायला तो गुपचूप वापरत असल्याची चिन्हं होती. का? कारण किंमत आणि परफॉर्मन्स या दोन कॉलमांत तो अजूनही उत्तम होता! सरकार बघतं, पण ते नेहमी नंतर बघतं. वस्तू बनताना टेबलाशी जो बसलेला असतो, तो इंजिनिअरच असतो.

दुसरा आक्षेप एका मॅडमचा, आणि तो जास्त वजनदार आहे (चांगल्या अर्थाने!). त्या म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे, पण अंडरग्रॅज्युएट मुलांना याचं उत्तर कुठून मिळणार? नुसतं काहीतरी लिहून जागा भरतील." पटतं. रेफरन्स कॉपी करण्यात आपण किती पारंगत आहोत हे मॅडमना माहीत आहे. पण मला वाटतं, 'शोधलं, माहिती मिळाली नाही' एवढं लिहिलं तरी चालेल. रिकामा कॉलम दिसतो. नसलेला कॉलम दिसत नाही. आणि बऱ्याच वेळा उत्तर फार लांब नसतं. रसायनाच्या पोत्यासोबत सेफ्टीची माहिती देणारा कागद येतो, तो वाचला तरी पहिला कॉलम अर्धा भरतो. दुसऱ्या कॉलमसाठी कॉलेजच्या गेटबाहेरच्या भंगारवाल्या काकांना विचारा, "हे घेता का, आणि किलोला किती देता?" एवढ्या एका प्रश्नाने जे कळेल ते कुठल्याही हँडबुकात नाही.

काही जण म्हणतील, हिला फक्त नकारघंटा वाजवायची आहे. अजिबात नाही. मला फोम आवडतो! ज्या वस्तूत बहुतेक हवाच आहे आणि तरी ती आपलं वजन पेलते, तिच्याइतकं हुशार मटेरियल दुसरं नाही. जिथे मटेरियल काही काम करत नाही तिथून ते काढून टाकणं, यालाच तर डिझाइन म्हणतात. पण काढून टाकलेलं वजन कुणाच्या तरी छातीवर किंवा कुठल्या तरी गटारात जाऊन बसत असेल, तर आपण वजन कमी केलं नाही, फक्त त्याची जागा बदलली.

तर मित्रमैत्रिणींनो, आणि माननीय शिक्षकवर्ग, आता ती दोन ओळींची मागणी. आपल्या प्रोजेक्ट सिनॉप्सिसच्या फॉर्मवर शीर्षक, उद्दिष्ट, पद्धत आणि अंदाजे खर्च अशा जागा आहेत. खर्चाच्या खाली अजून अर्धा इंच कोरा कागद उरतो, मी पट्टीने मोजला. तिथे या दोन ओळी छापाव्यात:

हे बनवताना कुणाच्या श्वासात जाईल?

हे फेकल्यावर कुठे जाईल?

सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये, त्यांच्या सर्किट बोर्डांनाही हा प्रश्न लागू आहे. वाटल्यास याला मार्क देऊ नका. मार्क दिले की त्याची लगेच गाइड निघते. फक्त व्हायव्हाला एक्स्टर्नलने एकदा या दोन ओळींवर बोट ठेवून विचारावं, एवढंच.

आमच्या बॅचचे सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात द्यायचे आहेत. फॉर्म बदलला तर उत्तमच. नाही बदलला, तर आमच्या ग्रुपने ठरवलं आहे की त्या अर्ध्या इंचात आम्ही या दोन ओळी पेनाने लिहिणार आणि खाली उत्तरंही लिहिणार. अक्षर बारीक काढावं लागेल, पण मावेल.